पाचांचे एकमत आणि एक चेहरा : निवड समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
नोकरी, बढती, प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांसाठी माणसे निवडणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

विषय : उमेदवाराच्या चेहऱ्यावरून बनणारे मत निर्णयापासून दूर ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो, तेव्हा माझ्या चेहऱ्याची डावी बाजू हलेनाशी झाली होती. चेहऱ्याच्या स्नायूंना हालचाल देणाऱ्या चेतातंतूला सूज आली की असे होते. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. माझा अर्धवट सुधारला. आजही मी हसलो की जिवणीचा उजवा कोपरा वर जातो आणि डावा जागीच राहतो. त्या आजारानंतर सहा महिन्यांनी मी बढतीच्या मुलाखतीला बसलो. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मला येत होती आणि ती मी नीट दिली. यादीत मात्र नाव आले नाही. पुढे समितीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, मला बरे वाटावे म्हणूनच, सांगितले, "तुम्हाला काम येतं याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण समोर बसलात तेव्हा तुम्हाला त्यात रस आहे असं काही वाटलं नाही. आणि हे माझं एकट्याचं मत नाही, आमचं पाचही जणांचं एकमत होतं."

हे पत्र मी त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहीत आहे. ते पाचही जण प्रामाणिक होते, याविषयी माझ्या मनात तेव्हाही किंतु नव्हता आणि आजही नाही. त्यांना माझ्या चेहऱ्यावर जे दिसले ते खरोखरच पाचांनाही सारखेच दिसले असणार. चूक त्यापुढच्या पायरीवर झाली : पाच जणांना एकच गोष्ट दिसली, म्हणजे ती माझ्यात आहेच, असे त्यांनी धरले. त्यानंतर मी स्वतः अनेक निवड समित्यांवर बसलो, आणि ही पायरी आपण सगळेच किती सहज, किती निर्धास्तपणे चढतो हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही पाहिले.

चेहरा पाहून मत बनायला किती वेळ लागतो, याचे मोजमाप झालेले आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील जेनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या एक दशांश भागापुरते दाखवले आणि हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, आक्रमक वाटतो का, असे विचारले. एवढ्या अवधीत बनलेली मते आणि वेळेचे बंधन नसताना बनलेली मते यांत मोठे साम्य आढळले. अधिक वेळ दिल्यावर जी गोष्ट ठळकपणे वाढली ती म्हणजे स्वतःच्या मताबद्दलची खात्री. मुलाखती घेणाऱ्या प्रत्येकाने या निष्कर्षापाशी थोडे थांबावे, असे मला मनापासून वाटते. उमेदवार दारातून आत येऊन खुर्चीपर्यंत पोचण्याआधीच आपले मत बनलेले असते आणि पुढचा अर्धा तास आपण त्याची तपासणी करत आहोत असे समजतो. प्रत्यक्षात बरेचदा त्या अर्ध्या तासात फक्त आपली खात्री वाढलेली असते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांबद्दल लोकांचे इतके एकमत होत असेल, तेही वेगवेगळ्या देशांत, तर त्यात काही तरी तथ्य असलेच पाहिजे, असा तो आक्षेप. एकमत होते हे खरेच आहे. ११ प्रदेशांतल्या ४१ देशांमधील अकरा हजारांहून अधिक लोकांची मते घेऊन केलेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्यांवरून बनणारी मते मुख्यतः दोन अक्षांवर मांडता येतात, एक 'हा माणूस भला वाटतो की नाही' आणि दुसरा 'हा दांडगा वाटतो की नाही', हे आधी अमेरिकेत दिसलेले चित्र इतर प्रदेशांतही बऱ्याच अंशी दिसले. मात्र त्याच माहितीचे गणित दुसऱ्या पद्धतीने मांडल्यावर प्रदेशाप्रदेशांतले फरकही उघड झाले. बोलिव्हियाच्या वर्षावनात बाहेरच्या जगाशी फारसा संपर्क न ठेवता राहणाऱ्या त्सिमाने लोकांची आणि अमेरिकी लोकांची मते लेस्ली झेब्रोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडून पाहिली, तेव्हा तिथेही काही साम्य सापडले. मेक्सिको आणि ब्राझीलमधील निवडणुकांचे उमेदवार अमेरिकेतल्या आणि भारतातल्या लोकांना केवळ छायाचित्रांतून दाखवले, तर त्यांचे कौल एकमेकांशी जुळले आणि प्रत्यक्ष निकालांशीही बऱ्यापैकी जुळले.

पण निकालाशी जुळणे याचा अर्थ काय होतो, हे नीट पाहायला हवे. २००५ साली तोदोरोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, अमेरिकी सिनेटच्या निवडणुकांतील दोन प्रमुख उमेदवारांचे चेहरे पाहून लोक ज्याला अधिक कर्तबगार म्हणतात तोच सुमारे ७० टक्के लढतींत जिंकलेला असतो. २००९ साली जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ दालगास यांनी स्वित्झर्लंडमधील ५ ते १३ वर्षांच्या मुलांना फ्रान्समधल्या निवडणुकीतील चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून, सफरीवर निघालेल्या बोटीचा कप्तान म्हणून कोणाला निवडाल, असे विचारले. मुलांनी निवडलेला कप्तान बहुतेक वेळा निवडणुकीतला विजेता निघाला. याचा अर्थ मुलांना कर्तबगारी ओळखता आली असा होत नाही. मतदारांनी मुलांसारखीच निवड केली, एवढाच अर्थ त्यातून निघतो. चेहरा निवडणाऱ्याला कुठे ओढतो हे या अभ्यासांतून कळते. निवडलेला माणूस पुढे कसा निघाला याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. आपल्या समित्यांचे एकमतही नेमके याच जातीचे आहे.

मग हे एकमत येते कुठून? झेब्रोविट्झ यांनी यावर जे उत्तर मांडले ते मला सर्वांत पटते. काही खुणा ओळखणे माणसाला जगण्यासाठी आवश्यकच असते : समोरचे लहान मूल आहे का, समोरचा माणूस रागावला आहे का, हा आपल्या ओळखीचा आहे का. या खुणा वाचण्याची आपली सवय इतकी तयार असते की, त्या खुणांशी जराशी जुळणारी ठेवण दिसली तरी तीच सवय कामाला लागते. मोठे डोळे, गोल गाल, छोटी हनुवटी असलेला चाळीस वर्षांचा माणूस आपल्याला निरागस, भाबडा, थोडा कच्चा वाटतो, कारण बाळाचा चेहरा असाच असतो. ज्याच्या भुवया मुळातच खाली झुकलेल्या आहेत तो शांत बसलेला असतानाही चिडलेला वाटतो. ज्याच्या जिवणीचे कोपरे उपजतच किंचित वर वळलेले आहेत त्याला न हसताच हसऱ्याचे श्रेय मिळते. हाडांची ठेवण आणि मनाची अवस्था यांची ही गल्लत जगभर होते, म्हणून एकमतही जगभर आढळते. एकच चूक सगळ्यांनी केली तरी ती चूकच राहते.

या चुकीची किंमत कोण मोजतो, हेही तपासले गेले आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील छोट्या रकमांचे दावे चालवणाऱ्या न्यायालयांच्या अभ्यासात असे आढळले की, बाळसेदार चेहऱ्याच्या प्रतिवादीवर जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्याचा आरोप असेल तर तो दोषी ठरण्याची शक्यता कमी होते, आणि निष्काळजीपणाचा आरोप असेल तर ती वाढते. चेहरा निरागस म्हणून कपट शोभत नाही, आणि निरागस म्हणूनच धांदरटपणा शोभतो. २०१५ साली जॉन विल्सन आणि निकोलस रूल यांनी फ्लोरिडातील खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांची छायाचित्रे, त्यांच्याबद्दल काहीही ठाऊक नसलेल्या लोकांना दाखवली. ज्यांना मृत्युदंड झाला होता त्यांचे चेहरे जन्मठेप झालेल्यांपेक्षा कमी विश्वासू वाटतात, असे आढळले. मागाहून निर्दोष ठरून सुटलेल्या माणसांच्या बाबतीतही शिक्षेची तीव्रता आणि चेहरा यांचा तोच संबंध दिसला. गुन्हा केलेलाच नसताना चेहऱ्यावर तो दिसणार कुठून? आपल्या समित्या कुणाचा जीव घेत नाहीत. परंतु माणसाच्या आयुष्याची दहा-वीस वर्षे कोणत्या वाटेने जातील हे ठरवतात.

आता संस्कृतींमधल्या फरकांकडे वळतो, कारण 'सगळ्यांनाच तसे वाटते' या समजुतीला खरा तडा तिथे जातो. रूल, नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकी आणि जपानी लोकांना दोन्ही देशांतील उमेदवारांचे चेहरे दाखवले. कोणता चेहरा किती करारी आणि कोणता किती प्रेमळ, याबाबत दोन्ही देशांचे लोक बरेचसे सहमत होते. परंतु अमेरिकेतले निकाल करारीपणाशी जुळले, तर जपानमधले निकाल ऊबदारपणाशी. म्हणजे चेहऱ्यात काय दिसते यावर सहमती असली, तरी त्यातल्या कोणत्या गोष्टीला नेतृत्व म्हणायचे हे प्रत्येक समाज स्वतः ठरवतो. एका देशातल्या समितीने 'नेतृत्वाची छाप' म्हणून दिलेले गुण दुसऱ्या देशातल्या समितीने त्याच माणसाला दिले नसते.

विश्वासाचेही तसेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात इस्रायली आणि जपानी चेहऱ्यांचे संगणकावर कमीअधिक प्रमाणात मिश्रण करून ते दोन्ही समाजांतील स्त्रियांना दाखवले. चेहरा जितका आपल्या समाजातल्या सर्वसाधारण चेहऱ्याच्या जवळ, तितका तो त्यांना अधिक विश्वासू वाटला. इथे कुणाच्या मनात द्वेष असण्याची गरज नाही. ज्या चेहऱ्यांमध्ये आपण वाढलो त्यांची सरासरी आपल्या डोळ्यांत बसलेली असते आणि तिच्यापासून दूर गेलेला चेहरा आपल्याला किंचित खटकतो. जुळ्या भावंडांवर झालेल्या एका अभ्यासानेही, २०२० साली, असेच दाखवले की, कोणता चेहरा विश्वासू वाटतो याबाबत माणसामाणसांत जे फरक असतात ते बहुतांशी आनुवंशिकतेतून येत नाहीत. ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेल्या अनुभवांतून येतात. एकाच शहरात, एकाच प्रकारच्या संस्थांत, एकाच थरात वाढलेले पाच जण एका समितीवर बसले, तर ती पाच स्वतंत्र मते धरायची की एकाच अनुभवाच्या पाच प्रती?

हास्याबद्दल मी अर्थातच जास्त वाचले आहे. ४४ संस्कृतींमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुष्कळ ठिकाणी हसरा माणूस न हसणाऱ्यापेक्षा अधिक बुद्धिमान वाटला, पण काही ठिकाणी तो उलट कमी बुद्धिमान वाटला. आणि ज्या समाजांत भ्रष्टाचार अधिक, तिथे हसऱ्या चेहऱ्यावरचा विश्वासही कमी भरला. जपानी आणि अमेरिकी लोकांची तुलना करणाऱ्या २००७ सालच्या एका संशोधनात भावना ओळखताना जपानी लोकांनी डोळ्यांना अधिक महत्त्व दिले आणि अमेरिकी लोकांनी तोंडाला. नजर चेहऱ्यावर कुठे टेकते यातही फरक आहेत : २००८ साली नोंदवलेल्या नेत्रहालचालींत पाश्चात्त्य लोक डोळे आणि तोंड यांवरून नजर फिरवत होते, तर पूर्व आशियाई लोकांची नजर चेहऱ्याच्या मध्यभागी स्थिर होती. हे वाचताना मला माझे पाच परीक्षक आठवतात. त्यांच्या जागी, जिवणीपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवायला शिकलेले पाच जण असते, तर 'रस नाही' हा शेरा आला असता का, ते मी सांगू शकत नाही. पण तो शेरा माझ्याइतकाच त्यांच्या नजरेच्या शिकवणीवरही अवलंबून होता, हे मी ठामपणे सांगतो.

कोणी म्हणेल की, अनुभवी माणसे अशी फसत नाहीत. अमेरिका आणि तैवान या दोन्ही देशांतील आरोग्यसेवा देणाऱ्यांना कंपवाताच्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवून केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि भाव उमटेनासे होतात, हे त्यांना व्यवसायामुळेच ठाऊक असते. तरीही ज्यांचा चेहरा अधिक निर्विकार होता ते रुग्ण त्यांना अधिक उदास आणि कमी मिळूनमिसळून वागणारे वाटले. बुद्धीबद्दलचे मतसुद्धा चेहऱ्याने प्रभावित झाले. कारण माहीत असूनही असे होते. ज्यांना कारण माहीत नाही, त्या आपणा परीक्षकांचे काय होत असेल?

चेहऱ्यावरून स्वभाव सांगण्याची हौस मात्र जुनी आणि सार्वत्रिक आहे. आपल्याकडे सामुद्रिक होते, चिनी आणि अरबी परंपरांमध्ये त्यांची स्वतंत्र शास्त्रे होती, युरोपात अठराव्या शतकात योहान लाव्हाटर यांनी तिला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. १८३१ साली 'बीगल' जहाजाचे कप्तान फिट्झरॉय हे लाव्हाटरचे चाहते असल्यामुळे, अशा नाकाच्या तरुणात सफरीला लागणारी धडाडी असेल का, अशी शंका त्यांना आली होती, असे त्या नाकाचे धनी चार्ल्स डार्विन यांनीच आत्मचरित्रात नोंदवले आहे. पुढे १८७६ पासून इटलीत चेझारे लोम्ब्रोसो यांनी जन्मजात गुन्हेगारांची चेहरेपट्टी सांगायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ साली, असा कोणताही शारीरिक नमुना सापडत नाही, असे दाखवून दिले. हे प्रकरण तिथेच संपायला हवे होते.

ते संपले नाही, म्हणून संगणकप्रणालींबद्दलही लिहावे लागते. चित्रफितीवरील मुलाखतीतून उमेदवाराचे हावभाव मोजून गुण देणारी साधने गेल्या काही वर्षांत विकली गेली. त्यातल्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीने २०२१ च्या सुरुवातीला चेहऱ्याचे विश्लेषण थांबवल्याचे जाहीर केले, आणि युरोपीय संघाच्या २०२४ सालच्या कायद्याने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांमध्ये माणसाच्या भावना यंत्राने अनुमानण्यास, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळून, बंदी घातली. ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. असे साधन माणसांनी दिलेल्या गुणांवरूनच शिकते. पाचांचे एकमत त्यात पाच हजारांचे एकमत होऊन गोठते, इतकेच. तुमच्यापुढे असे साधन विकायला कोणी आले, तर माझ्यासारख्या अर्ध्या हलणाऱ्या चेहऱ्याला ते किती गुण देते, हे त्यांना विचारा.

मी स्वतः यातून सुटलेलो नाही. एका निवडीच्या वेळी एका उमेदवाराने सगळी उत्तरे टेबलाकडे बघत, तुटक आवाजात दिली. माझ्या गुणपत्रकावर मी 'आत्मविश्वासाचा अभाव' असा शेरा लिहिला. बाकी दोघांनीही थोड्याफार फरकाने तेच लिहिले होते. संध्याकाळी सह्या करण्याआधी तो शेरा कोणत्या उत्तरातून आला हे मी माझ्याच टिपणांत शोधू लागलो, आणि मला एकही उत्तर सापडले नाही. टिपणांतली उत्तरे बरोबर होती. खुद्द माझ्यावर जो शेरा बसला होता तोच मी दुसऱ्यावर लिहिला होता, याची मला फार लाज वाटली. तो शेरा मी खोडला आणि बाकी दोघांनाही टिपणे पुन्हा वाचायला लावली.

चेहरा न पाहण्याची अपेक्षा मी करत नाही. ते शक्यच नाही. विनंती एवढीच आहे की, तो पाहिल्यावर जे वाटते त्याला गुणपत्रकावर जागा मिळू नये. अर्जावरचे छायाचित्र पहिल्या चाळणीतून काढून टाकावे, कारण ते तर धड चेहराही नसते. ब्रिटनमधील लोकांना त्यांना अनोळखी असलेल्या दोन डच व्यक्तींची प्रत्येकी वीस छायाचित्रे देऊन माणसांप्रमाणे गठ्ठे लावायला सांगितले, तेव्हा त्यांनी सरासरी सात-आठ गठ्ठे लावले, हे २०११ सालच्या प्रयोगात नोंदले गेले आहे. ज्यांना त्या व्यक्ती माहीत होत्या त्यांना मात्र दोन गठ्ठे लावणे सहज जमले. तोदोरोव आणि जेनी पोर्टर यांनीही २०१४ साली दाखवले की, एकाच माणसाच्या निरनिराळ्या छायाचित्रांवरून त्याच्याबद्दलची मते बरीच बदलतात. उजेड आणि कोन बदलला की बदलणाऱ्या गोष्टीवर अर्ज बाजूला पडत असेल, तर त्याचे समर्थन कोणालाही करता येणार नाही.

मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत, आणि प्रत्येक उत्तराचे गुण त्या-त्या वेळी, आपसांत न बोलता लिहावेत. निवडीच्या पद्धतींवरील जुन्या संशोधनाची २०२२ साली फेरतपासणी झाली, तेव्हा अशा आखीव मुलाखतींचा पुढच्या कामाशी असलेला संबंध सर्वांत वरच्या पद्धतींमध्ये निघाला. चर्चा गुण लिहून झाल्यावर करावी. आधी केली की एका सदस्याला जे 'वाटले' ते पाचांचे होऊन बसते. 'छाप', 'तडफ', 'रस', 'आत्मविश्वास' हे शब्द वापरायचे असतील, तर त्यापुढे उमेदवाराने दिलेले कोणते उत्तर किंवा केलेले कोणते काम त्याला आधार आहे, हे लिहिणे बंधनकारक असावे. लोकांशी सतत समोरासमोर बोलण्याचे काम असेल, तर तसा प्रसंग उमेदवाराला प्रत्यक्ष हाताळायला द्यावा आणि समोरच्या माणसाचे काम झाले की नाही ते पाहावे.

ज्यांचा चेहरा हलत नाही, ज्यांच्या चेहऱ्यावर व्रण, डाग किंवा शस्त्रक्रियेच्या खुणा आहेत, त्यांना हवे असल्यास मुलाखतीआधी तसे लिहून कळवण्याची सोय ठेवावी. मी आता खोलीत शिरताच ते स्वतःच सांगतो आणि मग समोरच्यांचे लक्ष उत्तरांकडे वळलेले मला जाणवते. मात्र हे सांगण्याची जबाबदारी उमेदवारावर टाकून आपण मोकळे होऊ नये. झुकलेल्या भुवयांचा किंवा बाळसेदार गालांचा माणूस काय म्हणून सांगणार?

शेवटची विनंती अगदी छोटी आहे. आपल्या समितीची मागच्या वर्षीची गुणपत्रके कपाटातून काढा आणि ज्या शेऱ्यांच्या मागे एकही उत्तर सापडत नाही त्या शेऱ्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. त्यातल्या किती शेऱ्यांवर सर्वांचे एकमत होते, तेही मोजा. जी नावे निघतील त्यांपैकी ज्यांना पुन्हा बोलावणे नियमांत बसते, त्यांना पुन्हा बोलवा.

आपला नम्र,
दोन्ही बाजूंना बसलेला एक सहकारी